निळे आणि काळेनिळे

करारनामे, औषधांची माहितीपत्रकं, मिक्सरचं भांडं कसं धुवावं याच्या सूचना, असली कामं भाषांतराच्या धंद्यात मुकाट येतात आणि मुकाट जातात. डोक्याला ताप असतो तो जाहिरातींचा. त्यातून जाहिरात फ्रेंच, माल खेळाचा आणि लिहिणाऱ्याला कोटी करायची हुक्की आलेली, असा त्रिवेणी संगम जुळून आला की मी घरात आधीच जाहीर करते, की या आठवड्यात पाहुणे, हळदीकुंकू आणि वॉशिंग मशीनवाला यांपैकी कशाशीही माझा संबंध नाही.

माझं काम फ्रेंचमधलं इंग्रजीत आणायचं. मराठीचा यात कुठे संबंध येत नाही, अशी गिऱ्हाइकाची समजूत आहे. ती तशीच राहू दे.

खेळाबद्दल सरळ लिहिणं फ्रेंचांना जिवावर येतं. १९७६ साली लीलजवळ सुरू झालेल्या 'डेकॅथलॉन' या खेळाच्या सामानाच्या कंपनीचं जुनं घोषवाक्य घ्या, 'आ फों ला फॉर्म'. 'फों' म्हणजे तळ, 'आ फों' म्हणजे पार तळापर्यंत, आपल्या बोलण्यात 'फुल्ल'. 'फॉर्म' म्हणजे ठणठणीत तब्येत. दोन्ही मिळून काय, तर फुल्ल फिट. पण फ्रेंच शाळेतले मास्तर निबंध तपासताना हीच जोडी वापरतात, काय सांगितलंय ते 'फों' आणि कसं सांगितलंय ती 'फॉर्म'. आपल्याकडे मराठी घेऊन एम.ए. केलेल्यांना ही जोडी 'आशय आणि अभिव्यक्ती' या नावानं भेटते आणि वीस मार्कांना छळते. आपण तिच्यावर पेपर सोडवले. फ्रेंचांनी तिच्यावर सायकली विकल्या.

इंग्रजीत याचं काय करावं? कंपनीनं फार शहाणपणा केला, काहीच केलं नाही. इंग्रजी पाट्यांवर 'स्पोर्ट फॉर ऑल, ऑल फॉर स्पोर्ट' असं सुटसुटीत वाक्य आलं. कोटी गेली. पण ते वाक्य मोठ्यानं म्हणून बघा. अलेक्झांडर द्यूमाच्या १८४४ सालच्या कादंबरीतले ते शिलेदार 'सगळे एकासाठी, एक सगळ्यांसाठी' अशी जी शपथ घेतात, तिचीच ही उलटसुलट चाल. फ्रेंच कोटी झेपली नाही, तेव्हा इंग्रजीनं फ्रेंचच कादंबरीची चाल उसनी आणली. हे कुणी ठरवून केलं का, देव जाणे. मी मात्र असं काही हातून झालं असतं तर ठरवूनच केलं म्हणून सांगितलं असतं.

कोटी पार नेणं जमतं ते असं. इकडची तिकडे न्यायचीच नाही, तिकडे पोचल्यावर दुसरी पळवायची. पॅरिसच्या २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये हेच झालं. फ्रेंच घोषवाक्य होतं 'उव्ह्रों ग्रां ले ज्यो', म्हणजे 'खेळ सताड उघडूया'. पण फ्रेंच कानाला त्यात 'डोळे मोठे उघडूया'ही ऐकू येतं, कारण 'ले ज्यो' म्हणजे खेळ आणि 'ले झ्यो' म्हणजे डोळे. एका 'ज' आणि 'झ'चा काय तो फरक. इंग्रजीत डोळे आणि खेळ यांचं सात जन्मांत नातं नाही. मग त्यांनी 'आइज वाइड ओपन' हा रूढ शब्दप्रयोग घेतला, त्यातले डोळे काढले, तिथे खेळ बसवले आणि 'गेम्स वाइड ओपन' करून मोकळे झाले. मला हे फार आवडलं. आता उद्घाटन सेन नदीवर उघड्या आभाळाखाली ठेवलं आणि नेमका धो धो पाऊस आला, त्यामुळे बघणाऱ्यांना डोळे मिचकावत बसावं लागलं, याचा दोष भाषांतरकाराकडे जात नाही.

त्याआधी २०१७ मध्ये, यजमानपद मागताना, याच पॅरिसनं आयफेल टॉवरवर चक्क इंग्रजी घोषवाक्य झळकवलं होतं, 'मेड फॉर शेअरिंग'. भाषेची राखण करणारी फ्रेंच अकादमी खवळली. असली वाक्यं खाण्यापिण्याच्या जाहिरातींत वापरून झाली आहेत, हे शिळं अन्न आमच्या पानात कशाला, असा एकूण सूर. भाषाप्रेमी मंडळी कोर्टात गेली. त्यांच्या हाती १९९४ चा कायदा होता, सांस्कृतिक मंत्री झाक तूबों यांनी आणलेला, परभाषेतल्या जाहिरातीला फ्रेंच भाषांतराची सक्ती करणारा. या तूबोंसाहेबांच्या आडनावाचा उच्चार 'तू बों' म्हणजे 'सगळं छान' असाही ऐकू येतो. टवाळांनी लगेच त्यांचं इंग्रजी भाषांतर केलं, 'मिस्टर ऑलगुड'. इंग्रजीला वेसण घालणाऱ्या मंत्र्याचं हे इंग्रजी बारसं फ्रान्समध्येच झालं. आणि ज्या 'स्पोर्ट'च्या निमित्तानं एवढा गदारोळ, तो शब्दच मुळात जुन्या फ्रेंचमधला 'देस्पोर'. समुद्र ओलांडून गेला, डोकं कापून परत आला.

काही कोट्यांच्या मात्र वाटेलाच जाऊ नये. १२ जुलै १९९८ ला फ्रान्सनं ब्राझीलला ३-० नं हरवून फुटबॉलचा विश्वचषक जिंकला. तेव्हा झेंड्याच्या 'ब्लो-ब्लां-रूझ' या निळ्या-पांढऱ्या-लाल मंत्रावर बेतलेला नवा मंत्र सगळ्या देशाच्या तोंडी होता, 'ब्लॅक-ब्लां-बर'. काळे, गोरे आणि उत्तर आफ्रिकेतून आलेल्यांची फ्रान्समध्ये जन्मलेली मुलं, सगळ्यांची मिळून एक टीम. फ्रेंचमध्ये ही घोषणा आहे, नुसती म्हटली तरी पाय ठेका धरतात. इंग्रजीत 'ब्लॅक, व्हाइट, अरब' असं लिहिलं की जनगणनेचा तक्ता होतो. शिवाय 'बर' म्हणजे उच्चारात लोणीसुद्धा. तिथे मी हात जोडते.

आता माझ्या वाट्याला आलेली गोष्ट. नैर्ऋत्य फ्रान्स म्हणजे फ्रेंच रग्बीचं माहेरघर. तिथल्या एका कंपनीचं काम आलं. रग्बीत अंगावर अंग आपटतं तेव्हा घालायचे खांद्याचे पॅड आणि डोक्याची मऊ टोपी, असा माल. ओळ छोटी होती. अर्थ असा, की आम्हाला आवडतात ते 'ब्लो' फक्त मैदानावरचे. फ्रान्सच्या राष्ट्रीय संघाला 'ले ब्लो', म्हणजे 'निळे' म्हणतात. आणि मार लागून अंगावर उठतो त्या डागालाही 'ब्लो'च म्हणतात. (नवशिक्या गड्यालाही, जवळजवळ कच्च्या मांसालाही आणि बुरशीच्या चीजलाही. एका शब्दावर किती संसार.)

ओळीबरोबर एक्सेलची फाइल होती. रकाने असे: मूळ, भाषांतर, उलट भाषांतर, कारणमीमांसा. उलट भाषांतर म्हणजे मी केलेलं इंग्रजी शब्दशः पुन्हा फ्रेंचमध्ये करून दाखवायचं, म्हणजे इंग्रजी न येणाऱ्या साहेबांना कळेल की आपण कशावर सही करतोय. कारणमीमांसेत विनोद का हसवतो ते लिहायचं. फोडणी तडतडून झाल्यावर एकेक मोहरी वेचून दाखवावी तसला प्रकार. खाली सूचना: विनोद टिकवावा, अर्थ बदलू नये, इंग्रजी बोलणाऱ्या सर्व देशांत चालावं, तीस अक्षरांच्या वर जाऊ नये.

'ब्लूज' म्हणावं, तर लंडनमध्ये ती चेल्सी ठरते, म्हणजे उरलेलं लंडन गिऱ्हाईक म्हणून गेलं. अमेरिकेत ते संगीत, नाहीतर उदासी. खांद्याचे पॅड घाला आणि खिन्न व्हा, असं कोण विकत घेईल? 'गो ब्लू' सुचवलं, तर कंपनीच्या वकिलांची लाल रेघ आली, ती मिशिगन विद्यापीठाची आरोळी आहे.

मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप लावून बसले होते. सासरे शेजारी शेंगा सोलत होते. ते मूळचे सांगलीकडचे, तरुणपणी तालमीत घुमलेले.

"काय गं, कशात अडलीस?"

"बाबा, मार लागल्यावर अंग निळं पडतं ना, त्याच्यावर अडलंय."

"निळं कुठलं? काळंनिळं म्हण. आधी काळं, मग निळं. आमची आई आंबेहळद उगाळून लावायची. पॅड कसले विकतायत, आंबेहळद विका म्हणावं."

काळंनिळं! इंग्रजीतही अगदी तसंच, 'ब्लॅक अँड ब्लू', क्रमसुद्धा तोच. फ्रेंचमध्ये बिचारे नुसते निळे होतात. मी लिहिलं, 'ब्लू. नॉट ब्लॅक अँड ब्लू.' आणि मग लक्षात आलं, न्यूझीलंडचा रग्बी संघ म्हणजे 'ऑल ब्लॅक्स'. ८ सप्टेंबर २०२३ ला फ्रान्समधल्या रग्बी विश्वचषकाच्या पहिल्याच सामन्यात निळ्यांनी काळ्यांना २७-१३ असं हरवलेलं! मूळ फ्रेंच ओळीत जे नव्हतं ते इंग्रजीत आपसूक येऊन बसलं होतं. कारणमीमांसेचा रकाना मी इतका भरला की तो खालच्या ओळीवर सांडला. सासऱ्यांचं नाव मात्र घातलं नाही, त्यांनी मानधन मागितलं असतं.

ज्यांच्याकडून काम आलं होतं त्या पॅरिसच्या बाई खूष झाल्या. त्यांचं मार्केटिंग खूष झालं. मग ओळ वकिलांकडे गेली. त्यांचं म्हणणं दोन ओळींत होतं. एक, काळ्यांचं नाव नोंदणीकृत आहे. दोन, पॅड ज्या देशांत विकायचे आहेत त्या यादीत न्यूझीलंड आहे. खरं सांगते, दुसऱ्या मुद्द्यावर मला बोलायला जागा नव्हती. अख्खा देश ज्या पराभवानं पोळला, तोच आठवून देऊन त्याला खांद्याचे पॅड विकणं हे धाडस आहे, धंदा नव्हे.

मग समिती बसली. समिती बसली की विनोद उठतो. लंडनच्या कुणीतरी सुचवलं, 'ब्रूझ-फ्री परफॉर्मन्स'. डागविरहित कामगिरी. कुणाला लागणार नाही, कुणाला हसू येणार नाही, न्यूझीलंडलाही चालेल. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि नियमाप्रमाणे फाइल माझ्याकडे आली, उलट भाषांतरासाठी. मी इमानेइतबारे रकाना भरला, 'परफॉर्मांस सां ब्लो'.

फ्रेंचमध्ये याचे दोन अर्थ होतात. डागांविना कामगिरी. किंवा, निळ्यांविना कामगिरी. म्हणजे फ्रान्सचा संघ मैदानात नसला की खेळ कसा छान होतो! जी कोटी इंग्रजीत न्यायला आम्ही सगळे घाम गाळत होतो, ती परतीच्या गाडीनं फ्रान्सला उतरली आणि थेट राष्ट्रीय संघाला झोंबली. मी कारणमीमांसेत काही लिहिलं नाही, रकाना कोरा ठेवला. कोऱ्या रकान्याकडे साहेबांचं लक्ष गेलं आणि मग ते सही करता करता थांबले.

शेवटी छापलं गेलं 'प्ले ऑन'. धडक बसली तरी नियम मोडला नसेल तर पंच म्हणतो ते, खेळत राहा. चांगलं आहे, मला वाईट म्हणवत नाही. त्यात ना निळे, ना काळे, ना सासरे.

बिल पाठवलं. त्यांच्या हिशेब विभागानं छापलेले शब्द मोजले, दोन भरले, आणि ठरलेल्या दरानं दोन शब्दांचे पैसे जमा झाले. कोट्या करून कोटी मिळत नाहीत हे ठाऊक होतं, पण रिक्षाचं मीटरही दोन शब्दांपेक्षा वरूनच सुरू होतं. तेव्हा या धंद्यात उतरू पाहणाऱ्या पोरापोरींनो, कुणी फ्रेंच विनोद इंग्रजीत करून मागितला तर जरूर करा. दर शब्दाला लावू नका, तासाला लावा, आणि निम्मे पैसे आधी घ्या.