मुख्याधिकाऱ्यांस इंग्रजीत अर्ज

आमच्या धाराशिवात पाण्याची तक्रार इंग्रजीत सुरेख लिहिता येणारी पिढी तयार झाली आहे. दहावीला पत्रलेखन येतंच. डावीकडं पत्ता, तारीख, विषय, ‘रिस्पेक्टेड सर’, मग आठ दिवस नळ कोरडा, शेवटी ‘युवर्स फेथफुली’. शिकवणीतले सर सांगतात, मजकूर चुकला तरी चालेल, मांडणी चुकू देऊ नका. मांडणीला मार्क असतात. (पुढं सरकारी नोकरी लागल्यावर हेच धोरण कामी येतं.)

गंमत अशी, की ज्या मुख्याधिकाऱ्यांना हे पत्र, ते इंग्रजीत वाचतच नाहीत. 1964 च्या राजभाषा अधिनियमानं राज्याचा कारभार मराठीत आणला. त्याआधी, 1948 पर्यंत, आपला जिल्हा निजामाच्या राज्यात; तेव्हा साहेब उर्दूत वाचायचा आणि अर्जदार अर्जनवीस शोधत फिरायचा. आता साहेबाला मराठी कळतं, अर्जदारालाही कळतं, तर मधे इंग्रजी आणून ती उणीव आपण भरून काढली.

2000 पासून पहिलीपासून इंग्रजी आहे. त्याआधीच्या पिढ्यांनी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घासली. व्याकरण दोघांचंही पाठ. बोलायची वेळ आली की दोघंही शेजाऱ्याकडं बघतात. आणि रजेच्या अर्जात ताप मात्र सगळ्यांना एकाच वाक्यात येतो.

तेव्हा पोरांनो, मार्कांसाठी इंग्रजीत लिहा. पाण्यासाठी मराठीत लिहा, आणि आवक-जावकच्या टेबलावरून शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय हलू नका.