चावी कुणाकडे?

सँड्रा वेस्ट या बाईंनी मृत्युपत्रात नाइटगाऊन कोणता, हेसुद्धा लिहून ठेवलं होतं. लेसचा. तो घालून, नवऱ्याच्या शेजारी, माझ्या फेरारीत बसवून मला पुरा. आणि सीट जरा मागे कलती ठेवा, बसायला आराम वाटला पाहिजे. बाई बेव्हर्ली हिल्समध्ये मार्च १९७७मध्ये गेल्या. वय अवघं सदतीस. नवरा टेक्सासच्या गडगंज घराण्यातला, तो आधीच गेलेला. मागे उरला दीर. त्याच्यासाठी अट अशी की वहिनीची इच्छा पाळलीस तर वीस लाख डॉलर, नाही पाळलीस तर दहा हजार. दिराच्या मनात वहिनीबद्दल माया किती होती ते सांगता येत नाही, पण आकडे कुणालाही वाचता येतात.

प्रकरण लॉस एंजेलिसच्या न्यायालयात गेलं. इच्छा विचित्र आहे, बेकायदा नाही, असा निर्वाळा मिळाला. मे महिन्यात सॅन अँटोनियोच्या दफनभूमीत फेरारी, आत बाई, भोवती भलामोठा खोका, असं सगळं क्रेनने खाली उतरवलं आणि वरून काँक्रीट ओतलं. काँक्रीट कशाला? चोरांसाठी. मेलेल्या माणसाला चोरांपासून धोका नसतो, फेरारीला असतो. म्हणजे अंत्यविधी बाईंचा होता आणि बंदोबस्त गाडीचा.

या बातम्या आल्या की लोक म्हणतात, बघा, काय प्रेम गाडीवर! मला नाही तसं वाटत. गाडीवर प्रेम असलेला माणूस ती चिखलात कशाला पुरेल? त्याला गाडी नको असते असं नाही. ती दुसऱ्या कुणाला मिळायला नको असते. आमच्या सोसायटीतले एक काका मुलाला गाडीची चावी देत नाहीत. मुलगा चाळिशीचा आहे, त्याचे केस पांढरे झालेत. काका रोज सकाळी खाली उतरतात, गाडीवरचं कव्हर काढतात, फडकं मारतात, कव्हर परत घालतात. टेक्सासमध्ये जन्मले असते तर त्यांनी मृत्युपत्रात काय लिहिलं असतं ते मला आत्ताच दिसतं.

अमेरिकेत अशी मंडळी पुष्कळ. पेनसिल्व्हेनियात १९९४मध्ये एका गृहस्थाच्या अस्थी त्याच्या पांढऱ्या कॉर्व्हेटमध्ये ठेवून ती कॉर्व्हेट पुरली. त्यासाठी त्याने हयातीतच दफनभूमीतल्या बारा जागा घेऊन ठेवल्या होत्या. बारा! एका गाडीला बारा जणांची जागा. आपल्याकडे रस्त्याच्या कडेला एसयूव्ही लावणाऱ्यांचा हिशेबही साधारण असाच असतो, फक्त ते जागेचे पैसे देत नाहीत.

ओहायोतल्या एका म्हाताऱ्याची गोष्ट मात्र मला मनापासून आवडते. १९६७ची हार्ले-डेव्हिडसन, तिच्यावर बसूनच जायचं, आणि लोकांना दिसलंही पाहिजे. म्हणून पारदर्शक पेटी. ती काही वर्षं आधीच तयार होती आणि घरी आलेल्या पाहुण्यांना कौतुकाने दाखवली जात होती. आपण नवा फ्रिज दाखवतो तशी. २०१४मध्ये तो गेला. बसलेला राहावा म्हणून पाठीला धातूचा आधार, पट्टे, पाच माणसांची कारागिरी. अंगात कातडी पोशाख, डोळ्यांना चष्मा. आणि डोक्यात हेल्मेट. पुणेकरांनी हे वाक्य पुन्हा वाचावं. ज्या शहरात जिवंत माणसाच्या डोक्यावर हेल्मेट बसवायला कोर्ट, पोलीस, आंदोलनं आणि आंदोलनांच्या विरोधातली आंदोलनं लागतात, तिथल्या नागरिकांना ओहायोचा हा माणूस म्हणजे निव्वळ चैन वाटेल. मेल्यावर हेल्मेट! आता काय व्हायचं राहिलंय डोक्याचं?

हे सगळं अमेरिकेतलं खूळ म्हणून हसण्याआधी नागपूरजवळच्या महुरझरीला जाऊन यावं. तिथे शिळावर्तुळं आहेत. मोठमोठ्या दगडांची गोल रिंगणं आणि त्यांच्या खाली अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीची दफनं. डेक्कन कॉलेजच्या लोकांनी उत्खनन केलं तेव्हा माणसांबरोबर घोड्यांची हाडंही सापडली. घोड्याच्या तोंडावर चढवायचे तांब्याचे दागिने सापडले, लगामाचं लोखंड सापडलं. विदर्भातला तो कोण सरदार असेल तो असेल, वाहनासकट गेला. ॲक्सेसरीजसकट गेला म्हणा. काही हाडांवर कापल्याच्या खुणा आहेत. म्हणजे घोडा म्हातारपणी मेलेला नव्हता, त्याला पाठवलेला होता. फेरारीला निदान कळत तरी नाही.

तर वाहनासकट जाणं ही जुनी हौस आहे. इजिप्तच्या तूतनखामेनला सहा रथ दिले होते. त्याला ते तिकडे उपयोगी पडले की नाही ठाऊक नाही. इकडे संग्रहालयाला चांगले उपयोगी पडले.

याच इजिप्तचा दाखला देऊन ब्राझीलच्या एका श्रीमंताने २०१३मध्ये गंमत केली. चिकिन्हो स्कार्पा त्याचं नाव. त्याने जाहीर केलं की राजे जसे खजिन्यासकट गेले तसा मीही माझी बेंटली साओ पावलोतल्या घराच्या बागेत पुरणार. खड्डा खणतानाचे फोटो टाकले. देश खवळला. एवढी महागडी गाडी मातीत घालतोस? लाज नाही? गरिबांना दे, विकून टाक, मला दे. शेवटचा सल्ला अर्थातच सर्वांत जास्त वेळा आला असावा. ठरल्या दिवशी वार्ताहर जमले, गाडी खड्ड्याच्या तोंडाशी आली आणि तिथे त्याने कार्यक्रम थांबवला. म्हणाला, बेंटली नाही पुरत. पण तुम्ही मात्र हृदय, मूत्रपिंडं, डोळे असं बेंटलीपेक्षा किती तरी महाग सामान रोज पुरता, तेव्हा कुणी ओरडत नाही. अवयवदानाची जाहिरात होती ती. शिव्या घातलेल्या सगळ्यांना गप्प बसावं लागलं, आणि बेंटली संध्याकाळी गॅरेजमध्ये परत. या साऱ्या मंडळींत हिशेब चोख जमला तो याचा.

आता पुरलेल्या गाडीचं पुढे होतं काय? टल्साला विचारा. ओक्लाहोमा राज्याला पन्नास वर्षं झाली म्हणून १९५७मध्ये टल्सा शहराने एक कोरी करकरीत प्लिमथ बेल्व्हेडेअर काँक्रीटच्या तळघरात पुरली. सोनेरी-पांढरी, काय तिचा रुबाब. पन्नास वर्षांनी काढायची. तळघर असं बांधलं होतं म्हणे की अणुबॉम्ब पडला तरी आतली गाडी शाबूत राहावी. तेव्हा सगळं जग अणुबॉम्बलाच भीत होतं. बरोबर पेट्रोलही ठेवलं होतं. २००७मध्ये लोक कशावर गाड्या चालवत असतील काय सांगावं. आणि एक स्पर्धा ठेवली की पन्नास वर्षांनी शहराची लोकसंख्या किती असेल ते सांगा, ज्याचा अंदाज सर्वांत जवळचा त्याला गाडी.

२००७ साली गर्दी जमली, झाकण उघडलं. आत पाणी. अणुबॉम्बचा विचार केला होता, पावसाचा नव्हता. सोनेरी-पांढरी बेल्व्हेडेअर गंजाच्या लगद्यातून वर आली. आपल्या महापालिकांना टल्साबद्दल विशेष बंधुभाव वाटावा, इतकं हे ओळखीचं आहे. बरं, स्पर्धा जिंकलेला माणूस १९७९मध्येच वारला होता. गाडी गेली त्याच्या वारसांकडे. गंजासकट, चावीसकट.

घानातले लोक याबाबतीत फार शहाणे. अक्राजवळच्या तेशीमध्ये सुतार लाकडाची मर्सिडीज बनवतात. दिवे, चाकं, पुढचा तारा, नंबरप्लेट, सगळं रंगवून. वरचं झाकण उघडतं आणि मालक आत आडवा होतो. सेथ काने क्वेई या सुताराच्या कामामुळे ही कला नावारूपाला आली; १९८९मध्ये तर पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात या शवपेट्या मांडल्या गेल्या. कोळ्याला मासा, कोकोच्या शेतकऱ्याला कोकोची शेंग, आणि बड्या असामीला मर्सिडीज. खरी मर्सिडीज दाराशी उभी असेल तर ती पोरांना राहते, आणि नसेल तरी कुणी अडवत नाही. जन्मभर ट्रोट्रोच्या, म्हणजे तिथल्या मिनीबसच्या, गर्दीत लटकून प्रवास केलेला माणूस शेवटी मर्सिडीजमधून गेला तर बिघडलं कुणाचं? विम्याचा हप्ता नाही, पीयूसी नाही.

गाडीतून जाण्याचा सर्वांत घरंदाज मार्ग मात्र एडिनबराचे ड्यूक प्रिन्स फिलिप यांचा. राणीचा नवरा, त्यामुळे आयुष्यभर दोन पावलं मागे चालण्याची सवय. त्यांनी २००३मध्ये स्वतःची शववाहिका आखायला घेतली. लँड रोव्हर डिफेंडर. मागचा भाग उघडा, शवपेटी हलू नये म्हणून खुंट्या, रंग लष्करी हिरवा. बदल सुचवणं २०१९पर्यंत चालू. सोळा वर्षं! कंपनीच्या माणसांच्या मनात काय काय येत असेल. गिऱ्हाईक घाई करत नाही आणि त्याला घाई करा असंही म्हणता येत नाही. १७ एप्रिल २०२१ रोजी विंडसरच्या किल्ल्यात ती गाडी त्यांना घेऊन निघाली. कोविडचे दिवस, चर्चमध्ये फक्त तीस माणसं. आणि खरी गंमत पुढे आहे: अशा दोन गाड्या बनवून ठेवल्या होत्या. ऐनवेळी एक बंद पडली तर दुसरी हाताशी असावी म्हणून. लँड रोव्हर जवळून ओळखणारा माणूस तो. प्रेम होतं, भरवसा नव्हता.

ही गाडी काम संपल्यावर परत गेली. कुणी पुरली नाही.

आपल्याकडे एवढ्यात गाजला तो गुजरातचा सोहळा. अमरेली जिल्ह्यातल्या पाडरशिंगा गावात नोव्हेंबर २०२४मध्ये एका कुटुंबाने आपल्या बारा वर्षांच्या वॅगन-आरला समाधी दिली. गाडी आली आणि भरभराट झाली, ही त्यांची श्रद्धा. निमंत्रणपत्रिका, फुलांनी सजवलेली गाडी, घरापासून शेतापर्यंत मिरवणूक, मंत्र, साधुसंत, सुमारे दीड हजार माणसं. पंधरा फूट खड्डा. खर्च चार लाख. बारा वर्षांच्या वॅगन-आरला बाजारात चार लाख कुणी दिले नसते, पण तिला मातीत घालायला ते लागले. इथे मामला उलटा आहे हे लक्षात घ्या. माणूस काठावर उभा, धडधाकट. गेली ती गाडी. गुजराती माणसाने स्वतः आत बसण्याची अमेरिकन चूक केली नाही.

हसू नका, कायदा गाडीच्या मरणाबाबत आपल्यापेक्षा कडक आहे. माणूस गेला तर मृत्यूची नोंद करायला एकवीस दिवस मिळतात. गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली तर मोटार वाहन कायद्याचं ५५वं कलम म्हणतं, चौदा दिवसांत आरसी घेऊन आरटीओला कळवा. चौदा! कायदा करणाऱ्याने तेरावं धरून हिशेब केला होता की काय कोण जाणे. गोडाचं जेवण उरकायचं आणि हात धुऊन आरटीओच्या रांगेत उभं राहायचं.

आपण जाळतो, त्यामुळे मराठी हिंदू माणसाला फेरारीत बसून जाण्याची सोय नाही. विद्युतदाहिनीच्या दारातून जेमतेम स्कूटर जाईल, आणि तीही पेट्रोल काढून. मग आपल्याकडे मालक गेल्यावर गाडीचं काय होतं? फॉर्म ३१ होतो. मृत्यूचा दाखला, वारसांची प्रतिज्ञापत्रं, नंतर ज्या भावाने पंधरा वर्षं फोन केला नाही त्याची ना-हरकत. हे टाळायला २०२१पासून सरकारने आरसीवर नॉमिनीचं नाव घालायची सोय केली आहे. आमच्या काकांना मी हे सांगितलं. त्यांनी विचारलं, नॉमिनीला चावी लगेच द्यावी लागते का? नाही म्हटलं, तुम्ही गेल्यावर. मग बघू, म्हणाले, आणि कव्हरची दोरी घट्ट केली.

तरीही कुणाच्या डोक्यात गाडीसकट मातीत जायचंच असेल तर आधी आरसीवर हायपोथिकेशनचा शेरा आहे का ते बघा. सँड्रा वेस्टबाईंची फेरारी बाईंची होती. आपली क्रेटा अजून चार वर्षं बँकेची आहे, आणि दुसऱ्याची मालमत्ता पुरणं हा वेगळा गुन्हा. तेव्हा फॉर्म ३५वर बँकेची सही घेऊन या. जेसीबी काय, फोन केला की तासाभरात येतो. बँकेतले सही करणारे साहेब सोमवारपर्यंत रजेवर आहेत.