कंपनीफिटिंग

कळमेश्वरात कुणी ‘गाडी देऊन टाकायची आहे’ म्हणालं की ती महिनाभरात कुठं ना कुठं खपते. जीटीवाला हे वाक्य तीन वर्षांपासून म्हणून राहिला आहे.

राहतो माझ्या घरासमोर. एमआयडीसीत शिफ्टमध्ये कामाला. पगार कुठं जातो हे त्याच्या आईला विचारावं लागत नाही. रात्रपाळीहून परत येताना तो गल्लीभर ऐकू येतो. गाडी पांढरी पोलो जीटी टीएसआय, एमएच 40 पासिंग. 2013 साली ही निघाली तेव्हा 1.2 लिटरचं टर्बो इंजिन आणि 105 हॉर्सपॉवर म्हणजे एवढ्याशा गाडीची चैनच होती. पुढं 2022 मध्ये आपल्याकडे पोलोच बंद झाली. ‘आता अशी बनतच नाही जी,’ असं म्हणून जीटीवाला एक सुस्कारा टाकतो आणि मग भाव सांगतो. चाकणच्या कारखान्यातल्या इंजिनिअरांना 105 पुरले, याबद्दल त्याचा राग नाही. त्यानं पदरमोड करून त्यांचं राहिलेलं काम पुरं केलं.

त्याचा हिशेब कृषी केंद्रातून फुकट मिळालेल्या डायरीत आहे. वर बियाण्याची जाहिरात, आत गाडीचा संसार. रिमॅप 32,000. इनटेक 14,500. मग डाउनपाइप, सायलेन्सर, बुटक्या स्प्रिंगा, सतरा इंची अलॉय. एका नोंदीपुढं बारीक अक्षरात ‘आईला 6,000 सांगितले’ एवढंच आहे. खरा आकडा नाहीच. कंपनीचं मूळ सामान मात्र त्यानं टाकलेलं नाही. ते बैठकीतल्या दिवाणात आहे. आईच्या गोधड्या बाहेर, सायलेन्सर आत. पाहुणे त्याच दिवाणावर बसतात.

गाडी पाहायला येणाऱ्यांत निम्मे नुसते आवाज ऐकायला येतात. चहा पितात, ‘भाऊ, एक डाव अजून’ म्हणतात आणि समाधानानं निघून जातात. जीटीवाल्याला खरं तर हेच लोक आवडतात. नागपूरचा एक दलाल आला होता. जीटीवाला डायरी वाचत गेला आणि दलाल मोबाइलवर आकडे टाकत गेला. आपली बेरीज चालली आहे असं वाटून जीटीवाला खुशीत होता. शेवटी कळलं, दलाल वजा करत होता. ‘सायलेन्सर बदलेलं, वीस कमी. स्प्रिंगा बदलेल्या, पंधरा कमी. इंजिनले कोणी हात लावला म्हणता, मंग त राहूच द्या.’

मोहप्याहून एक संत्रा बागायतदार आले, त्या वेळी मी हजर होतो. त्यांनी आधी डिक्की उघडली.

‘क्यारेट किती बसतीन याच्यात?’

‘काका, ही पळवायची गाडी आहे.’

‘मंग बुडाशी कायले टेकून राह्यली?’

‘खाली आहे म्हणून तर पळते जी.’

‘माह्या वावराच्या वाटेनं पळंल काय?’

ते समजावण्यासाठी जीटीवाल्यानं त्यांना धापेवाड्यापर्यंत फिरवून आणलं. वाटेत प्रत्येक स्पीड ब्रेकरवर गाडी तिरपी घालत, एकेक चाक जपून उतरवत नेली. परत आल्यावर काका म्हणाले, विठ्ठलाचं दर्शन झालं, बाकी मी बैलगाडीनंही याच वेळात आलो असतो.

गाडीत काय काय केलंय हे गिऱ्हाइकाला सांगायला जीटीवाल्याला पाऊण तास लागतो. पोलिसांना सांगायला एकच शब्द पुरतो. काटोल नाक्यावर अडवलं की खिडकीची काच खाली, चेहरा गरीब. ‘हा आवाज कशाचा?’ ‘कंपनीफिटिंग, साहेब.’ अलॉय? कंपनीफिटिंग. एवढी खाली कशी? ‘साहेब, मागं आई बसली आहे.’

भीती खोटी नाही. कंपनीनं ठरवलेल्या मूळ रचनेपासून गाडी वेगळी होईल असा बदल चालणार नाही, हे सुप्रीम कोर्टानं जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केलं, आणि त्याच वर्षीच्या कायदादुरुस्तीनं अशा मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागं 5,000 रुपये दंड, किंवा दोन्हीही, असं लिहून ठेवलं. डायरीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीनं ‘9 × 5,000’ मांडलेलं मी पाहिलं आहे. पुढं बरोबरची खूण आहे, उत्तर नाही. नऊचे भाव गिऱ्हाइकाकडून घ्यायचे आणि नऊच पोलिसांपासून लपवायचे, अशी ही कसरत.

दिवाळीनंतर वर्ध्याचा एक पोरगा आला. त्यानं किंमत विचारलीच नाही. ऑइल कोणतं टाकता, गिअरबॉक्सचं काम कधी केलं, असं विचारत गेला. जीटीवाल्याचे डोळे पाणावल्यासारखे झाले. रात्री अकरापर्यंत दोघं बोनेट उघडून उभे. भाव ठरला, फॉर्म 29 आणि 30 निघाले. पण सही करताना जीटीवाल्याचा हात थबकला. आरटीओत नाव बदलेपर्यंत कागदावर मालक तोच. मधल्या दिवसांत या पोरानं कुठं ठोकली तर भरपाईची नोटीस कळमेश्वरलाच येणार. शिवाय बदलांची नोंद ना आरसीवर, ना इन्शुरन्सवर. ‘स्टॉक लावून देतो,’ तो म्हणाला, ‘नाव चढलं का तुह्यं सामान तुले.’

पुढच्या रविवारी दिवाण रिकामा झाला. दोन मिस्त्री, दिवसभर काम. संध्याकाळी गाडी सुरू केली आणि आम्ही दोन मिनिटं सुरू व्हायची वाट पाहत उभे राहिलो. ती सुरूच होती.

वर्ध्याच्या पोरानं सावनेर रोडनं चक्कर मारली, किल्ली हातात दिली आणि फार अदबीनं म्हणाला, ‘भाऊ, अशी त मले वर्ध्यातच भेटते.’

बुधवारी पहाटे नेहमीच्या आवाजानं मला जाग आली. संध्याकाळी दिवाणावर बसलो तर पुन्हा तिथंच टोचलं. जीटीवाला डायरी उघडून बसला होता. नवी नोंद होती: ‘स्टॉक लावणे व काढणे, मजुरी 4,500’. ती त्यानं गाडीच्या किमतीत मिळवली आणि मला म्हणाला, ‘पाहा ना कोणी असंल त. देऊन टाकायची आहे.’