चिरंजीव सध्या धावतात

मिल्टन कीन्स,
नोव्हेंबरअखेर

ती. आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार,

रविवारी व्हिडिओ कॉलवर अभी डोळे मिटून बसला होता, ते ध्यान नव्हतं. झोप होती. फोन ठेवल्यावर आई, तुम्ही मला वेगळा मेसेज केलात, "खायला घालतेस ना गं?" त्याचं उत्तर फोनवर देता येत नाही, तो शेजारीच असतो. म्हणून हे पत्र.

तुमचा मुलगा धावायला लागलाय.

इथल्या सरकारी आरोग्यसेवेचं, एनएचएसचं, एक फुकट अ‍ॅप आहे, 'काउच टू फाइव्ह के'. सोफ्यावरच्या माणसाला ९ आठवड्यांत ५ किलोमीटर धावायला लावतं. आठवड्यातून तीनदाच धावायचं, मधले दिवस विश्रांती. पहिल्या आठवड्यात तर ५ मिनिटं भरभर चालायचं, मग एक मिनिट धावायचं, दीड मिनिट चालायचं, असं २० मिनिटं. ही कल्पना मुळात अमेरिकेतल्या जॉश क्लार्क नावाच्या तरुणाची. १९९६ मध्ये त्याने ती आपल्या पन्नाशीतल्या आईला झेपावी म्हणून आखली. आई, नीट वाचा, आईला झेपावी म्हणून. आपल्याकडे ती मुलाला झेपेना.

त्याचं असं झालं. अ‍ॅपमध्ये सूचना देणारा आवाज आपण निवडायचा. त्यात सारा मिलिकन नावाच्या विनोदी बाई होत्या. मी म्हटलं त्यांना घे, निदान हसत धावशील. याने घेतला मायकल जॉन्सन. ४०० मीटर ४३.१८ सेकंदांत पळालेला माणूस! तो कानात बोलायला लागला की याला आपण ऑलिंपिकमध्येच आहोत असं वाटतं. ते एक मिनिट खरं तर रमतगमत पळायचं असतं. हा स्टँडवरून एसटी सुटल्यासारखा धावतो, आणि पुढची दीड मिनिटं कमरेवर हात ठेवून तळ्यातली बदकं बघतो. वर "साताऱ्याचं रक्त आहे, ललिता बाबर आपल्याच माण तालुक्यातली," हे मला ऐकवतो. ती २०१६ साली रिओला ३००० मीटर स्टीपलचेसच्या फायनलमध्ये धावली. त्याच साली तुमचे चिरंजीव लिफ्ट बंद आहे म्हणून मित्राच्या साखरपुड्याला गेले नव्हते. मला चांगलं आठवतंय.

तळं म्हणजे विलन लेक. काठावर जपानी बौद्ध भिक्षूंनी १९८० साली बांधलेला शांतिस्तूप आहे. बाबा, तुम्हाला फार आवडेल. अभीलाही आवडतो, कारण तिथे टेकता येतं.

आता त्या झोपेबद्दल. धावून आल्यावर माणूस ताजातवाना होतो असं ऐकलं होतं. आमच्याकडे तो आडवा होतो. चिनूला गोष्ट वाचून दाखवताना तिच्या आधी हा झोपतो, मग ती पुस्तक मिटून, दिवा बंद करून येते आणि मला सांगते, "बाबा झोपला." ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद असतो, त्यामागे काय चालतं ते मी विचारत नाही. भांडी विसळायची वेळ झाली की मात्र पाय नेमके तेव्हाच भरून येतात. हे लक्षण कुठल्याही वैद्यकाच्या पुस्तकात सापडणार नाही.

आणि आई, मी खायला घालते हो. तो खात नाही. धावायला लागल्यापासून रात्रीची पोळी बंद, भात बंद. वाटीभर मोडाचे मूग खातो आणि सकाळी साडेसहाला, बाहेर मिट्ट काळोख असताना, काळ्या कॉफीवर पळायला जातो. रात्री पुन्हा ऑस्ट्रेलियातली कसोटी, जी इथे मध्यरात्रीच्या सुमाराला सुरू होते. शिवाय विश्रांतीच्या दिवशी 'थोडंसंच' म्हणून गुपचूप पळून यायचा. शरीराची दुरुस्ती त्याच दिवशी होते, पाय तेव्हाच घट्ट होतात, हे त्याला कोण सांगणार? मी सांगितलं तर ते बायकोचं बोलणं.

शेवटी दवाखान्यात नेलं. सकाळी आठला फोन लावून रांगेत ताटकळलो ती कथा वेगळी, पण रक्त तपासलं. हिमोग्लोबिन उत्तम, लोह ठीक, थायरॉइड ठीक. फक्त 'ड' जीवनसत्त्व कमी. त्यात नवल नाही. ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत इथल्या उन्हातून ते पुरेसं मिळतच नाही, आणि आपल्यासारख्या सावळ्या लोकांनी तर वर्षभर रोज १० मायक्रोग्रॅमची गोळी घेण्याचा विचार करावा असं एनएचएसच सांगतं. याचं फारच कमी निघाल्याने गोळी मोठी मिळाली. अभीला कोण आनंद! दोष सूर्याचा निघाला. पण डॉक्टरीणबाई पक्क्या होत्या. गोळी घ्या, म्हणाल्या, पण जेवा, झोपा आणि हळू पळा. पळताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, नाहीतर वेग जास्त.

ही परीक्षा घ्यायचं काम चिनूने अंगावर घेतलंय. ती सायकलवर शेजारून जाते आणि त्याला सतराचा पाढा म्हणायला लावते. पहिल्या दिवशी गाडी सतरा साताला थांबली. दम संपला की पाढा, ते अजून कळलेलं नाही. बाबा, तुम्ही छडी घेऊन शिकवलेला पाढा आहे, तेव्हा कृपा करून फोनवर विचारू नका.

आता जॉन्सनसाहेब गेले, साराबाई आल्या. पोळ्या परत सुरू. कसोटीचा निकाल सकाळी कळला तरी चालतो असं ठरलंय. पाचव्या आठवड्याच्या शेवटी सलग २० मिनिटं पळायचं असतं, ते परवा पार पडलं. नंतर झोपला, पण भांडी विसळून.

येत्या शनिवारी त्याला पार्करनला जायचंय. २००४ साली लंडनच्या बुशी पार्कात १३ जणांनी सुरू केलेलं हे ५ किलोमीटरचं धावणं आता गावोगाव होतं, तेही फुकट. चालत गेलं तरी चालतं. आणि कुणीही शेवटचा येत नाही, कारण सगळ्यांच्या मागे एक स्वयंसेवक मुद्दाम चालत येतो. ही ओळ अभीने मला दोनदा वाचून दाखवली.

कुणी इकडे येणारं असेल तर पाव किलो अळीव आणि मेतकूट पाठवा. लाडू मी करते. बाबा रोज पहाटे अजिंक्यतारा चढून येतात, हे मात्र इतक्यात त्याच्यासमोर बोलू नका.

शनिवारी नऊला सुरुवात आहे, म्हणजे तुमच्या दुपारी अडीचला. तेव्हा फोन करू नका. साडेतीनलाही नको, झोपलेला असेल.

तुमची,
स्नेहल