साहेब मीटिंगमध्ये आहेत!

एमआयडीसीतल्या साहेबलोकांना अलीकडे एक नवाच आजार जडलाय. कामगारांचा आपल्यावर विश्वास नाही, हे त्यांना एकाएकी सर्वेक्षणातून कळतं. सर्वेक्षण अर्थातच निनावी असतं. फक्त वरच्या कोपऱ्यात टोकन नंबर टाकायचा असतो. ज्यांनी खरं लिहिलं त्यांना रात्रपाळी लागते, आणि उरलेल्यांचा विश्वास वाढवायला द्राक्षबागेतल्या रिसॉर्टवर कार्यशाळा भरते.

तिथला एक खेळ ठरलेला. डोळे मिटायचे, हात छातीशी बांधायचे आणि पाठमोरं पडायचं. मागचे सहकारी झेलतात. पडणारा मॅनेजर असला की आठजण धावतात, कारण अप्रेझल महिन्यावर आलेलं असतं. पडणारा हेल्पर असला की प्रत्येकाला वाटतं, दुसरा झेलेल. कंत्राटी पोरांना तर हा खेळच नसतो. ती ठेकेदाराची माणसं. त्यांना पडायचंच असेल तर त्यांनी ठेकेदाराच्या जबाबदारीवर पडावं.

पण या खेळाचा महाराष्ट्रातला सगळ्यात मोठा प्रयोग आमच्या दिंडोरीच्या आमदारांच्या नावावर आहे, हे त्या प्रशिक्षकांना कुणी सांगितलेलं दिसत नाही. ४ ऑक्टोबर २०२४. विधानसभेचे तत्कालीन उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ आणि त्यांच्यासोबतचे आदिवासी लोकप्रतिनिधी मंत्रालयाच्या तिसऱ्या मजल्यावरून खाली बांधलेल्या संरक्षक जाळीवर उतरले. उतरले म्हणजे उडी मारून. धनगर समाजाला आदिवासींच्या आरक्षणात घेऊ नये आणि पेसा क्षेत्रातली रखडलेली भरती करावी, या मागण्या होत्या. मुख्यमंत्री भेट देत नाहीत, ही तक्रार होती. सुदैवाने कुणाला गंभीर इजा झाली नाही.

आता हा मामला एखाद्या एचआरवाल्यासमोर ठेवून पाहा. घरी जाऊन तो राजीनामा लिहील. कारण उडी मारणारा गृहस्थ आणि न भेटणारा साहेब एकाच सरकारी आघाडीतले. बरं, उपाध्यक्ष म्हणजे सभागृहात ज्याच्यापुढे मुख्यमंत्र्यालाही 'अध्यक्ष महोदय' म्हणून उभं राहावं लागतं असा माणूस. फेब्रुवारी २०२१ ते जुलै २०२२ विधानसभेला अध्यक्षच नव्हता, तेव्हा सगळा गाडा झिरवाळांनीच ओढला. 'खाली बसा' म्हणायचा अधिकार त्यांच्याकडे होता. दालनाबाहेर मात्र बसायची पाळी त्यांच्यावरच आली.

याला मागचा हिशेबही आहे. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली तेव्हा सोळा आमदारांना अपात्रतेची नोटीस याच उपाध्यक्षांनी काढली होती, आणि त्या सोळांत एकनाथ शिंदे होते. पाचच दिवसांत तेच शिंदे मुख्यमंत्री झाले. वर्षभराने झिरवाळांचा राष्ट्रवादीतला गट त्याच सरकारात जाऊन बसला. कारखान्याच्या भाषेत सांगायचं तर ज्याला तुम्ही मेमो दिला तोच तुमचा प्लँट हेड झाला, आणि आता रजेच्या अर्जावर त्याची सही हवी. असे अवघड संबंध कसे हाताळावेत, यावर विमानतळावरच्या दुकानात पुस्तकं मिळतात. जाळीची शिफारस एकाही पुस्तकात सापडायची नाही.

जाळी मात्र आधीपासून होती, आणि खरी गोम तिथंच आहे. २०१८ च्या फेब्रुवारीत एका तरुणाने मंत्रालयात वरून उडी मारून जीव दिला, त्यानंतर ती बांधली गेली. लोक इथवर का येतात, कुणाच्या दारात किती वेळ बसतात, कुठल्या टेबलावर फाईल अडते, हे शोधायला वेळ लागला असता. जाळी लगेच मिळते. टेंडर निघतं, बिल निघतं, काम संपतं. माणूस भेटला नाही तरी मरणार नाही, एवढी सोय झाली.

आमच्या कारखान्यांतही अशाच जाळ्या आहेत, फक्त नायलॉनच्या नाहीत. सूचनापेटी ही एक. ती नेमकी मॅनेजरच्या केबिनबाहेर, कॅमेऱ्याच्या खाली टांगलेली असते. किल्ली कुणाकडे हे कुणालाच ठाऊक नसतं. आत पाहिलं तर गुटख्याची दोन पाकिटं आणि 'कँटीनची डाळ पातळ आहे' अशी एक चिठ्ठी. दुसरी जाळी म्हणजे 'माझं दार कायम उघडं आहे' ही घोषणा. दार खरंच उघडं असतं. खुर्ची रिकामी असते. बाहेरचा शिपाई सांगतो, साहेब मीटिंगमध्ये आहेत. मीटिंगचा विषय : कामगारांशी संवाद.

गंमत म्हणजे कायद्याने यावर स्वस्तातला उपाय कधीच सांगून ठेवलाय. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात शंभर किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी मालक-कामगारांच्या समितीची तरतूद होती. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत वीस किंवा जास्त कामगार असतील तिथं तक्रार निवारण समिती आहे. दोन्हीकडचे सदस्य सारखे, आणि अध्यक्षपद आळीपाळीने. म्हणजे एका वर्षी खुर्चीत फिटर आणि समोर साहेब! हे वाक्य वाचून कित्येक साहेबांचा चहा नाकात जाईल. एवढा खर्च टाळायलाच तर रिसॉर्ट बुक करतात.

विश्वास कसा तयार होतो, हे आमच्या दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड धरणाला विचारावं. कालव्याच्या शेपटाला असलेल्या ओझरच्या शेतकऱ्यांना पाणी पोचतच नव्हतं. अधिकारी म्हणत, शेतकरी चोर. शेतकरी म्हणत, अधिकारी चोर. समाज परिवर्तन केंद्राचे बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी कुणाला डोळे मिटून पडायला लावलं नाही. त्यांच्या प्रयत्नातून १९९१ च्या सुमारास तीन पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या. पाणी घनमापाने मोजून घ्यायचं, तेवढ्याचीच पट्टी भरायची. पुढे संस्था वाढत गेल्या आणि सगळ्या प्रकल्पाचं व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या हाती आलं. अशा संस्थांसाठीचा राज्याचा कायदा त्यानंतर, २००५ मध्ये झाला. तिथं कुणी कुणावर आंधळा विश्वास ठेवला नाही. मोजमाप दोघांना दिसत होतं, म्हणून ठेवायची गरजच पडली नाही.

तेव्हा साहेब, पुढच्या कार्यशाळेचं बजेट मंजूर करण्याआधी एकच करा. ओव्हरटाइमचे तास, ठेकेदाराचं बिल आणि त्यातले पोराच्या हातात पडलेले पैसे, हे तीन आकडे गेटवरच्या फळ्यावर खडूने लिहा. एवढं जमलं तर पाठमोरं पडायची वेळ कामगारांवर येणार नाही. आकडे वाचून ठेकेदार पडला, तर त्याला झेलायचं की नाही, ते समितीत ठरवू. यंदा अध्यक्ष फिटर आहे.