दोन बोटं आणि एक केबिन

जुन्या ट्रकची केबिन चेसीवर मोजक्या बोल्टांनी बसवलेली असते. मध्ये रबराचं पॅकिंग असतं. बोल्ट काढले की केबिन उचलता येते. एवढंच वाचून ज्यांनी बंगल्याच्या अंगणात १९५० च्या दशकातला फार्गो आणून उभा केला, अशा गृहस्थांच्या उद्योगाला ‘घरच्या घरी रिस्टोरेशन’ म्हणतात. यात घर गृहस्थांचं असतं. बाकी सगळं बाहेरून येतं.

केबिन निवडताना थोडी काळजी लागते. त्या काळातले बरेच ट्रक आपल्याकडे नुसती चेसी, इंजिन आणि पुढचा काउल एवढ्यावरच विकले जात. केबिन गावातला बॉडीबिल्डर लाकडी सांगाड्यावर पत्रा ठोकून बांधत असे. ती उचलायला गेलं की पत्रा हातात येतो आणि वाळवी लागलेला सांगाडा खालीच राहतो. म्हणून हौशी मंडळी कारखान्यातली पोलादी केबिन शोधतात. ‘ओरिजिनल आहे का?’ असं त्यांनी विचारलं की भंगारवाला आधी त्यांच्या चपलांकडे बघतो आणि मग किंमत सांगतो.

उचलण्याआधी बॅटरी सोडवावी, वायरिंगला चिठ्ठ्या बांधाव्यात, स्टिअरिंग, क्लच-ब्रेकचे दांडे आणि स्पीडोमीटरची केबल मोकळी करावी. काही मॉडेलांत पेट्रोलची टाकी सीटच्या मागे, केबिनमध्येच असते. ती वेल्डिंगवाला येण्याआधी काढलेली बरी. वजन कमी करायला दारं उतरवतात, पण त्याआधी दाराच्या चौकटीत आडवे-तिरपे अँगल वेल्ड करावे लागतात. नाहीतर केबिन फाकते आणि रंग लावून झाल्यावर दार लागत नाही. बोल्ट गंजलेले असतातच. केबिनची जमीनही गंजलेली असेल तर केबिन सुरेख वर येते आणि जमीन चेसीवरच राहते. वर घेताना केबिन मध्येच अडली तर वजनाचा दोष नसतो, काहीतरी सोडवायचं राहिलेलं असतं. बहुधा इंजिनापासून आलेली अर्थिंगची पट्टी. ती शोधण्याऐवजी ‘अजून जोर लावा’ म्हणण्याची पद्धत आहे.

खरं तर केबिन कुठेही न्यायची गरज नसते. पट्टा लावून चेन कप्पीनं ती खालची चेसी मोकळी होईल एवढी वर घ्यावी, पट्ट्याखाली गोधडीची घडी घालावी, दोन्ही बाजूंना घोड्या लावाव्यात आणि खालून चेसी ढकलून बाहेर काढावी. चेसीला चाकं असतात, केबिनला नसतात. हे निरीक्षण सहसा केबिन अर्ध्या अंगणापर्यंत गेल्यावर नोंदवलं जातं.

पण कप्पीचा फोटो चांगला येत नाही. म्हणून माणसं. काउलची बाजू जड, कारण डॅशबोर्ड आणि इंजिनाकडची पत्र्याची भिंत तिकडे. तिथे गॅरेजचा फिटर आणि त्याचा पोऱ्या. मागच्या कोपऱ्यांना वॉचमन आणि समोरच्या बांधकामावरून ‘पाच मिनिटांसाठी’ आणलेले दोघं. गृहस्थ मधोमध, छताच्या कडेशी. त्यांचा उजवा हात केबिनला लागलेला असतो, पण पुरता नाही. तर्जनी आणि मधलं बोट. दोनच.

या दोन बोटांचं कार्य काय, याबद्दल एकमत नाही. ती भार घेत नाहीत, कारण नखं पांढरी होत नाहीत. तोल सावरत नाहीत, कारण केबिन डावीकडे कलली की सर्वांत आधी तीच सुटतात. दिशा दाखवत असतील म्हणावं, तर त्यासाठी डावा हात मोकळा ठेवलेला असतो. गोवर्धनाच्या वेळी भार करंगळीवर होता आणि काठ्या लावणाऱ्या गोपांना वाटत होतं की डोंगर आपणच धरलाय. अंगणात भार काठ्यांवर असतो आणि तसं वाटण्याचं काम बोटांकडे. बोटं काढली तरी केबिन पडत नाही, हे प्रयोगानं सिद्ध झालेलं आहे: फोन वाजला की ती निघतात. बोलणं संपेपर्यंत पाच माणसं केबिन हवेत धरून उभी असतात, कारण ती ठेवायची कुठे हे फक्त फोनवर बोलणाऱ्याला ठाऊक असतं. मग बोटं परत येतात, फोटो निघतो. फिटर कडेला असल्यामुळे अर्धा कापला जातो, पोऱ्या पूर्ण. खाली मजकूर: ‘घरच्या घरी, स्वतःच्या हातांनी.’

याच केबिनमध्ये कोणीतरी माणूस आयुष्यभर बसला होता. पायाशी इंजिनाची धग, डोक्यावर तापलेला पत्रा, घाटात दोन्ही हातांनी ओढायचं स्टिअरिंग. त्याच्या पाठीचं काय झालं हे कोणी विचारलं नाही. सीटचं रेक्झिन मुळात मरून होतं की तपकिरी, यावर मात्र आठ-आठ दिवस खल चालतो. साडेतीन टनांवरच्या मालवाहू गाड्यांच्या केबिनला एसी सक्तीचा व्हायला १ ऑक्टोबर २०२५ उजाडावं लागलं, तोही त्या दिवसापासून बनणाऱ्या गाड्यांपुरता. रिकामी केबिन उन्हात तापू नये म्हणून अंगणात शेड एका दुपारीत उभी राहते, वर हिरवी जाळी. ड्रायव्हर ट्रकखाली सतरंजी टाकून झोपत होता तेव्हा ही जाळी कुठे होती? आणि कांदे-कोळसा वाहून म्हातारा झालेला ट्रक कागदोपत्रीही बाहेरच. २०२१ च्या नियमांत पन्नाशी ओलांडलेल्या, पण खासगी वापराच्या दुचाकी-चारचाकींनाच ‘व्हिंटेज’ म्हटलंय. २० हजार रुपये भरले की नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं मिळतात. मागे जोडचाकं असलेल्यानं अंगणातच बसावं.

केबिन घोड्यांवर टेकली की चारही कोपरे पाण्याच्या लेव्हलनं तपासावेत आणि कमी पडेल तिथे लाकडी पाचर मारावी. विटा लावू नयेत, त्या फुटतात. काढलेले बोल्ट जागेनुसार डब्यांत ठेवावेत. त्यानंतर चहा होतो. हातांचं ग्रीस साबणानं निघत नाही, म्हणून एका डबड्यात डिझेल आणि एक फडकं फिरवलं जातं: आधी फिटर, मग पोऱ्या, मग वॉचमन, मग बांधकामावरचे दोघं. गृहस्थांपर्यंत फडकं पोचतं तेव्हा ते नको म्हणतात. त्यांना बशी धरायची असते, आणि त्यांची दोन्ही बोटं स्वच्छ असतात.