शुभेच्छा सर्वांनाच!

अमेरिकेतलं ऱ्होड आयलंड हे आकाराने सगळ्यात लहान राज्य. पण लोकसंख्येत पोर्तुगीज वंशाच्या माणसांचं प्रमाण देशात सगळ्यात जास्त तिथेच. अझोर्स बेटांवरून आलेली जुनी घराणी, शेजारी केप व्हर्देची मंडळी, शिवाय ब्राझीलचे लोक. तिथल्या ऱ्होड आयलंड कॉलेजात पोर्तुगीज आणि पोर्तुगीजभाषक जगाच्या अभ्यासाची एक संस्था आहे.

अशी संस्था कुठल्याही कॉलेजात असो, तिचं संचालकपद म्हणजे वधूपित्याची नोकरी. वर्ग घ्या, देणग्या जमवा, वाणिज्यदूत येणार म्हटलं की दारात उभे राहा, खारवलेल्या कॉड माशाच्या जेवणावळीत टेबलाटेबलाला जाऊन हसून या. एवढं करून रुसवेफुगवे आहेतच.

खरी परीक्षा घेतं ते कॅलेंडर. 10 जून हा पोर्तुगालचा राष्ट्रीय दिन, महाकवी कामोंइशची पुण्यतिथी. त्या दिवशी दर्यावर्दींचे गोडवे. 25 जूनला मोझांबिकचा स्वातंत्र्यदिन, 5 जुलैला केप व्हर्देचा, 12 जुलैला साओ तोमेचा. तिन्ही देश सुटले 1975 साली, आणि सुटले ते याच दर्यावर्दींच्या वारसांच्या तावडीतून. मग 7 सप्टेंबरला ब्राझील, 11 नोव्हेंबरला अंगोला. व्यासपीठ तेच, कोट तोच, हसूही तेच. झेंडा तेवढा बदलायचा. जूनच्या दहा तारखेला 'गौरवशाली वारसा', पंधरा दिवसांनी 'मुक्तीची पहाट'. 19 डिसेंबरला, गोवा मुक्तिदिनी, एखादा गोंयकार दारात उभा राहिला, तर त्यालाही शुभेच्छा मिळतील. भाषण तयारच आहे.

दोष एकट्या संचालकाचा नाही. परदेशातल्या अध्यासनांना मदत करणारी कामोंइश संस्था पोर्तुगालच्या परराष्ट्र खात्याच्या हाताखाली चालते. पोर्तुगालची लोकसंख्या कोटभर, ब्राझीलची 20 कोटींच्या वर. पण मदत लिस्बनहून येत असेल, तर पहिल्या रांगेत कोण बसणार, हे सांगायला नकोच.

तरीही ताठ कण्याने हे काम करता येतं. पांडुरंग पिसुर्लेकर पोर्तुगीज राजवटीतच पणजीच्या दफ्तरखान्याचे प्रमुख होते. पगार पोर्तुगीज सरकारचा, बरंचसं लेखन पोर्तुगीजमधलं. पण मराठे-पोर्तुगीज संबंधांचे कागद त्यांनी असे उजेडात आणले, की मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्याला आजही त्यांचं दार ठोठावावं लागतं.

तेव्हा अशा संस्थेच्या निवड समितीने उमेदवाराला किती जेवणावळी घातल्यात, हे विचारू नये. 10 जूनला, वाणिज्यदूत समोर बसलेले असताना, केप व्हर्देमधून चाललेल्या गुलामांच्या व्यापारावर बोलाल का, एवढंच विचारावं. 'हो' म्हणेल त्याला संचालक करावं. 'प्रसंग पाहून ठरवू' म्हणणाऱ्यांना सत्कार समितीत घ्यावं. तिथे त्यांची खरी गरज आहे.